शाळेच्या संघात मुलं कशी निवडली जातात? बडोद्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की पंधरा दिवसांत व्यायाम शिक्षकांभोवती पालकांचा घोळका जमतो. प्रश्न दरवर्षी तेच असतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, मांजलपूर, कारेलीबाग, कुठूनही आलेले असोत, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

निवड नेमकी कोण करतं?

पहिली चाळणी लावतात शाळेचे व्यायाम शिक्षक. ती बहुतेक वेळा मुलाला कळतही नाही. पी.टी.च्या तासाला, मधल्या सुट्टीत, वार्षिक खेळोत्सवाच्या सरावात कोण कसं पळतं, कोण हरल्यावर रुसून बसतं आणि कोण पुन्हा रांगेत उभं राहतं, हे शिक्षक बघत असतात. शाळेचा संघ झोन किंवा तालुका पातळीवर खेळतो. तिथे जिंकणाऱ्या संघासोबत इतर संघांतली चांगली मुलंही निवड समिती टिपून ठेवते आणि त्यांतून जिल्ह्याचा संघ उभा राहतो. जिल्ह्यानंतर राज्य, राज्यानंतर राष्ट्रीय शालेय स्पर्धा.

म्हणून ‘आमची शाळा पहिल्याच फेरीत हरली, आता संपलं’ असं धरून चालू नका. सांघिक खेळात हरलेल्या संघातलं मूलही पुढे जाऊ शकतं. वैयक्तिक खेळात मात्र क्रमांक लागतो, तिथे फार सवलत नाही.

शाळाकीय स्पर्धा आणि खेल महाकुंभ एकच का?

नाही. दोन्हींचे अर्ज वेगळे भरावे लागतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

शाळाकीय स्पर्धा भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या चौकटीत चालतात. हा महासंघ १९५४ सालचा. गट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. मूल शाळेच्या नावानेच खेळतं.

खेल महाकुंभ हा गुजरात सरकारचा उपक्रम, २०१० साली सुरू झालेला. त्यात ९ आणि ११ वर्षांखालील लहान गटही आहेत, मग १४, १७ आणि त्यापुढे खुला गट. म्हणजे अकरावी-बारावीतला १८ वर्षांचा मुलगा शाळाकीय स्पर्धेत आपल्याच वयाच्या मुलांशी खेळेल, पण खेल महाकुंभात त्याच्यासमोर पंचविशीतला गडीही येऊ शकतो. तिथे हरला म्हणून निराश होण्यासारखं काही नाही.

खेल महाकुंभात बडोदा शहर आणि बडोदा ग्रामीण यांच्या नोंदी वेगळ्या होतात. घर शहरात आणि शाळा हद्दीबाहेर असेल तर नोंद कुठून करायची हे शाळेला आधी विचारा. दोन ठिकाणी नाव टाकलंत तर दोन्हीकडून बाद व्हायची पाळी येते.

वय नक्की कोणत्या तारखेला मोजतात?

शाळाकीय स्पर्धांत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय मोजलं जातं. १४ वर्षांखालील गटात खेळायचं तर त्या दिवशी १४ पूर्ण झालेली नसावीत. क्रिकेट मंडळाच्या वयोगट स्पर्धांत मात्र तारीख १ सप्टेंबर धरतात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा शाळेच्या गटात धाकट्यांत मोडतो आणि क्रिकेट असोसिएशनच्या गटात थोरल्यांत. हे लक्षात न घेता ‘इथे चालला, तिथे का नाही?’ म्हणून भांडायला जाणारे पालक दरवर्षी भेटतात.

ट्रायलच्या दिवशी निवड समिती काय बघते?

आधी एक हिशोब करा. ८० मुलं, दोन तास, दोन निवडकर्ते. एका मुलाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. दीड मिनिटात कोणी मुलाचं सगळं कौशल्य जोखू शकत नाही. म्हणून अनुभवी निवडकर्ता ठरावीक गोष्टीच शोधतो.

पहिली गोष्ट, चेंडू जवळ नसताना मूल काय करतं. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, हॉकी, सगळीकडे हेच. चेंडू पायात असताना सगळीच मुलं उत्साही असतात. चेंडू गेल्यावर उभं राहून बघणारं मूल आणि लगेच वळून मागे धावणारं मूल, हा फरक लांबूनही दिसतो.

दुसरी, चुकीनंतरचे पाच सेकंद. झेल सुटला, पास चुकला, तर मूल बाबांकडे बघतं, जोडीदारावर ओरडतं, की पुढच्या चेंडूकडे वळतं? बाबांकडे बघणाऱ्या मुलाबद्दल निवडकर्त्याच्या मनात जी शंका येते तिचं कारण बरेचदा कुंपणाला टेकून उभे असलेले बाबाच असतात.

तिसरी, पायांची हालचाल: थांबणं, वळणं, पुन्हा वेग घेणं. सरळ रेषेतला वेग सरावाने थोडा वाढतो. दिशा बदलताना तोल सांभाळणाऱ्या मुलाला मात्र प्रशिक्षक सोडत नाही.

चौथी, सांगितलेलं ऐकून दुसऱ्या प्रयत्नात काही बदलतं का. चांगला निवडकर्ता मुद्दाम एक सूचना देतो, ‘कोपर वर ठेव’, ‘खाली बघू नको’. पुढच्या वेळी कोपर वर आलं नाही तरी चालतं, पण आणायचा प्रयत्न दिसला पाहिजे.

काय बिघडतं? छातीवरचा नंबर टाचणीने एकाच टोकाला लावलेला असतो, धावताना उलटतो, आणि वहीत दुसऱ्याच नंबरासमोर खूण पडते. चारही कोपऱ्यांना टाचण्या लावा. नवे बूट ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. सकाळी सातच्या ट्रायलला पावणेसातला पोचलेलं मूल अंग गरम न करताच पळतं. अर्धा तास आधी पोचा, दहा मिनिटं हलकं धावणं, मग सांध्यांच्या हालचाली, शेवटी तीन-चार छोट्या वेगवान धावा. आणि पोटात काही नसताना पाठवू नका. दीड-दोन तास आधी पोळी-भाजी, पोहे किंवा केळं पुरेसं आहे. फाफडा-जलेबी ट्रायल झाल्यावर.

बॅटरी टेस्ट म्हणजे काय? तिची तयारी करता येते का?

शरीराची मूळ क्षमता मोजणाऱ्या चाचण्यांचा तो संच. त्यात साधारणपणे उंची, वजन, ३० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, चेंडूफेक, ६×१० मीटर शटल धाव आणि ८०० मीटर धाव असते. खेल महाकुंभाच्या ९ वर्षांखालील गटात ३० मीटर धाव आणि जागेवरची लांब उडी एवढ्यावरच मुलं हेरली जातात. केंद्र सरकारच्या खेलो इंडियाची शाळांतली तंदुरुस्ती चाचणी वेगळी. चौथीपासून पुढे त्यात ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणं, पाठीवर झोपून अर्धं उठणं (पार्शल कर्ल-अप) आणि जोर येतात. पहिली ते तिसरीच्या मुलांना एका पायावर तोल सांभाळणं आणि हाताने चकत्यांवर टपटप करणं.

मूळ ताकद पंधरा दिवसांत वाढत नाही. पण अज्ञानाने जे सेंटिमीटर आणि सेकंद वाया जातात ते नक्की वाचवता येतात.

जागेवरून लांब उडीत माप घेतात ते रेषेपासून शरीराच्या सगळ्यात मागच्या खुणेपर्यंत. मूल दोन मीटरवर पडतं, तोल जाऊन मागे हात टेकतं आणि माप हातापासून धरलं जातं. उडी दोन्ही पायांनी एकदम घ्यायची. आधी एक पाय उचलला की प्रयत्न बाद. हात मागून पुढे झोकायचे, गुडघे पोटाकडे ओढायचे, पडल्यावर अंग पुढे टाकायचं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी आठ-दहा उड्या, एवढ्याने पडण्याचं तंत्र बसतं.

६×१० शटलमध्ये दहा मीटरचं अंतर सहा वेळा कापायचं, म्हणजे पाच वळणं. वेळ जातो तो वळणांत. मूल रेषेच्या पुढे दोन पावलं जाऊन थांबतं आणि मग वळतं. रेषेआधीची शेवटची दोन पावलं लहान करायची, कंबर खाली आणायची, आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या पायावर वळायची सवय लावायची.

८०० मीटरचा नेहमीचा घोळ: पहिले दोनशे मीटर शर्यत लावल्यासारखे, मग चालत. घरी घड्याळ लावून चारही दोनशे मीटर जवळपास सारख्या वेळेत पळायचा सराव करून घ्या.

घरच्या वेळांवर फार विसंबू नका. शंभर मीटरच्या टोकाला उभं राहून शिट्टी ऐकून मोबाइलचं घड्याळ चालू केलं तर आवाज पोचायलाच जवळपास ०.३ सेकंद लागतात, आणि मूल फुकटात वेगवान ठरतं. सोडणाऱ्याने हात खाली टाकायचा आणि वेळ घेणाऱ्याने तो हात बघून बटण दाबायचं. तरीही हाताने बटण दाबून घेतलेली वेळ विजेच्या यंत्रावर तशीच येत नाही. १०० आणि २०० मीटरसाठी तुलना करताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात. पुढच्या फेरीत मुलाची वेळ ‘बिघडली’ असं वाटतं त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

आमचा मुलगा चांगला खेळतो, पण बुटका आहे. मोठी पोरंच घेतात. हा अन्याय नाही का?

थोडासा आहे, आणि जाणकार निवडकर्त्यांनाही तो ठाऊक आहे.

१४ वर्षांखालील गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच वर्षाचे धरले जातात, पण त्यांच्यात जवळपास बारा महिन्यांचं अंतर असतं. त्यात वयात येण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण १४ च्या आसपास, मुलींची १२ च्या. त्या एका वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. लवकर वयात आलेला मुलगा तेराव्या वर्षी मैदानावर दादा वाटतो. सोळाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात, आणि तोवर ताकदीवरच खेळत आल्यामुळे त्याचं तंत्र कच्चं राहिलेलं असतं.

व्यवहारात काय करायचं? दर तीन महिन्यांनी उंची मोजून तारखेसह वहीत लिहा. भिंतीला पाठ, अनवाणी, शक्यतो सकाळी, कारण संध्याकाळी उंची किंचित कमी भरते. आई-वडिलांची उंचीही लिहून ठेवा. ही वही शिक्षकांना दाखवली तर ‘हा अजून वाढायचाय’ हे त्यांना आकड्यांत दिसतं. तोंडाने सांगितलेलं कोणी धरत नाही.

आणि उलट बाजू. झपाट्याने वाढणाऱ्या मुलाचं काही महिने तंत्र बिघडतं, पाय अडखळतात, गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा दुखायला लागतो. ‘आळशी झालाय’ म्हणून जास्त पळवू नका. उड्या आणि धावणं कमी करा. दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

वय चोरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दल कागदपत्रांच्या उत्तरात.

खो-खो आणि कबड्डीत काय बघतात?

या दोन खेळांशी बडोद्याचं नातं जुनं आहे. हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली इथे अखिल भारतीय पातळीची कबड्डी स्पर्धा भरवली होती, आणि प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने कित्येक पिढ्यांना मातीत घडवलं. त्यामुळे इथला जुना निवडकर्ता सहजासहजी खूश होत नाही.

खो-खोत पळतीला तीन-तीन गड्यांची तुकडी उतरते. नुसता वेगवान मुलगा सरळ पळत सुटतो आणि खांबाजवळ सापडतो. बघितलं जातं ते असं: साखळी (बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळणं) एकेरी धरली आहे की दुहेरी, आणि पाठलाग करणारा दिशा बदलू शकत नाही हे ओळखून मूल वेळ काढतं का. आक्रमणात उठताना खो मिळण्याआधी हललं की फाऊल, आणि लहान गटात निम्मे फाऊल याच एका कारणाने होतात असं म्हटलं तर जुने पंच हसून मान डोलावतील. उंच, लांब हातांचं मूल खांबावर सूर मारण्यासाठी हवं असतं. मातीवर अनवाणी खेळलेल्या मुलाला मॅटवर बूट घालून पाय टाकायला निदान दोन आठवडे द्या. मॅटवर पाय अडकतो, माती सरकू देते, आणि घोटे तिथेच जातात.

कबड्डीत चढाई करणाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे असतात, म्हणून तिथे गर्दी. जिल्ह्याच्या संघाला खरी चणचण कोपऱ्याच्या खेळाडूची असते. डाव्या कोपऱ्यावर उभं राहून घोट्याची पकड योग्य क्षणी करणारा आणि फसली तर लगेच सुटणारा मुलगा वर्षाला दोन-चारच दिसतात. तुमचं मूल चढाईत मधलं असेल तर कोपरा शिकवा. चढाई करणाऱ्याला नियमांची जाणही हवी: समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तरच बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, आणि चढाई ३० सेकंदांची. पाच गडी उरले असताना बोनस रेषेकडे झेपावणारा मुलगा ट्रायलमध्ये उघडा पडतो.

कबड्डीला वजनाची मर्यादा असते. त्या वर्षीच्या परिपत्रकातला आकडा बघा आणि महिनाभर आधी मुलाचं वजन करा. अर्धा किलो जास्त भरलं म्हणून आदल्या दिवशी पाणी बंद करणं, दोन-दोन शर्ट घालून उन्हात पळवणं हे प्रकार चालतात. ते धोक्याचे आहेत, आणि असं मूल दुसऱ्या सामन्यातच पेटके येऊन बसतं.

क्रिकेटचा रस्ता वेगळा आहे का?

हो. शाळेचं क्रिकेट एका बाजूला आणि बडोदा क्रिकेट असोसिएशनचे वयोगट संघ दुसऱ्या बाजूला. विजय मर्चंट करंडक, म्हणजे १६ वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा, असोसिएशनच्या निवडीतून खेळली जाते. शाळेची जर्सी तिथे नेत नाही. पण शाळेच्या सामन्यातली धावसंख्या क्लबच्या प्रशिक्षकाच्या कानावर जाते, म्हणून धावपत्रिकेची प्रत जपून ठेवा.

नेट्समध्ये फलंदाजाला दहा-बारा चेंडू मिळतात. पहिले तीन सरळ बॅटने खेळा. पहिल्याच चेंडूवर षटकार मारायला जाऊन यष्टी उडालेली मुलं बरीच असतात. गोलंदाजाने सगळे प्रकार दाखवायला जाऊ नये, एकच टप्पा पुन्हा पुन्हा पाडावा.

१६ वर्षांखालील मुलांची आणि १५ वर्षांखालील मुलींची हाडांच्या वयाची चाचणीही होते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने वय ठरवतात. जन्मदाखला खरा असूनही लवकर वयात आलेलं मूल यात बाद होऊ शकतं. त्यात कोणी तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही, गटाची मर्यादाच तशी आहे. अशा वेळी वरच्या गटाची तयारी करायची.

भूमिकाही पक्की धरू नका. सुरतेहून बडोद्याला येऊन किरण मोरे यांच्या अकादमीत शिकलेला हार्दिक पंड्या किशोरवयात लेगस्पिन टाकायचा.

कोणती कागदपत्रं लागतात आणि नाव कुठे अडतं?

निवड मैदानावर होते, पण नाव कागदावर कापलं जातं. जूनमध्येच एक फाईल करून ठेवा: जन्माचा दाखला, आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, मागच्या वर्षाचं प्रगतिपत्रक, सहा फोटो, मुलाच्या नावाच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आणि प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पात्रता पत्रक. पासबुक यासाठी, की खेल महाकुंभाची रोख बक्षिसं थेट खात्यात जमा होतात. आजोबांचं खातं चालत नाही.

मराठी कुटुंबांची अडचण नावाची. इथल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आडनाव शेवटी. वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘भाई’ चिकटलेलं, दुसऱ्यावर ‘राव’, तिसऱ्यावर काहीच नाही. गायकवाड आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तर बडोद्यात एक आणि महाराष्ट्रात दुसरं. आजोळी पुण्याला किंवा जळगावला जन्म झाला असेल तर दाखला मराठीत आणि बाकी सगळं गुजरातीत. संगणकावर नोंद करणाऱ्याला हे दोन वेगळे विद्यार्थी वाटतात.

उपाय क्रमाने. जन्माचा दाखला मूळ धरा. तो चुकला असेल तर जिथे जन्माची नोंद झाली त्याच नगरपालिकेतून किंवा महानगरपालिकेतून दुरुस्ती करून घ्या. मग आधार त्याप्रमाणे करा. शेवटी शाळेच्या जनरल रजिस्टरसाठी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उलट्या क्रमाने गेलात तर तीनदा फिराल. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख बदलणं सोपं नसतं, म्हणून हे काम ट्रायलच्या आठवड्यात काढू नका.

जन्मानंतर कित्येक वर्षांनी नोंदवलेला दाखला दाखवला तर समितीला शंका येणारच. आणि खरोखरच वय कमी दाखवणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की मुलाच्या लहानपणीचे फोटो, पहिलीचा प्रवेश, धाकट्या भावाची जन्मतारीख यांची बेरीज कोणीतरी कधीतरी करतंच. तक्रार करणारा बहुतेक वेळा ज्याची जागा गेली त्या मुलाचा बाप असतो.

मूल सीबीएसई शाळेत आहे. काही फरक पडतो?

पडतो. सीबीएसईच्या स्वतःच्या क्लस्टर आणि राष्ट्रीय स्पर्धा असतात, केंद्रीय विद्यालयांच्याही वेगळ्या. राष्ट्रीय शालेय स्पर्धेत ही दोन्ही स्वतंत्र पथकं म्हणून उतरतात. एका वर्षात एका खेळासाठी मूल एकाच पथकातून खेळू शकतं. तुमच्या खेळात कोणत्या रस्त्याला स्पर्धा कमी आहे हे शिक्षकांशी बसून ठरवा. राज्याच्या संघात नाव आल्यावर अचानक बोर्डाकडे वळणं जमत नाही.

डीएलएसएस म्हणजे काय? मुलाला तिथे घालावं का?

जिल्हा पातळीवरची क्रीडा शाळा. गुजरात क्रीडा प्राधिकरण निवडक शाळांत मुलांना वसतिगृहात ठेवतं. राहणं, जेवण, फी, गणवेश, खेळाचं सामान आणि प्रशिक्षण यांचा खर्च सरकार करतं. खेल महाकुंभात चमकलेली मुलं आणि बॅटरी टेस्टमधली मुलं यांतून निवड होते. ‘इन-स्कूल’ योजनेत मूल घरीच राहतं आणि प्रशिक्षण शाळेत मिळतं.

घालण्याआधी शाळा प्रत्यक्ष बघून या, आणि नुसतं मैदान बघू नका. संध्याकाळचं जेवण बघा. मुलाच्या खेळाचा प्रशिक्षक तिथे आज हजर आहे का, की ‘येणार आहेत’, ते विचारा. शिकवण्याचं माध्यम कोणतं? दर वर्षी कामगिरी तपासली जाते. मूल त्यात उतरलं नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश कुठे घ्यायचा, याचं उत्तर घरात आधीच तयार ठेवा. आणि अकरा वर्षांचं मूल रात्री आईशिवाय झोपू शकतं का? यावरून परत आलेली मुलं कमी नाहीत.

दुसऱ्या शाळेने ‘फी माफ, आमच्याकडून खेळा’ म्हणून बोलावलंय. जावं का?

तोंडी शब्दावर शाळा बदलू नका. लेखी मागा: कोणती फी माफ, किती वर्षं, मूल जखमी झालं किंवा संघातून गेलं तर काय, बसचे आणि किटचे पैसे कोणाचे. एका वर्षाची माफी आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण फी हा प्रकार नेहमीचा. शाळा बदलल्यावर त्याच हंगामात खेळता येईल का, हेही जिल्हा रमतगमत (म्हणजे क्रीडा) कचेरीत विचारून घ्या.

जुनी शाळा दाखला अडवून धरते अशी तक्रार येते. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ स्पष्ट आहे: दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही. हा नियम सरकारी आणि अनुदानित शाळेत जाताना लागू होतो. खासगी विनाअनुदानित शाळेत जायचं तर दाखला हातात घेऊनच निघा.

‘नाव लावून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर?

देऊ नका. नोंदणीशुल्क असेल तर ते परिपत्रकात छापलेलं असतं आणि पावती मिळते. सरकारी माणसाने लाच मागितली तर लाचलुचपत विरोधी खात्याचा गुजरातमधला क्रमांक १०६४. अकादमीच्या नावाने ‘राज्याची जर्सी हमखास’ विकणारे फिरतात. त्यांच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कितीही चकचकीत असलं तरी ती कोणत्या मान्यताप्राप्त संघटनेची आहे हे विचारा. उत्तर लांबलं की समजा.

मुलीला पाठवायचं आहे, पण काळजी वाटते.

काळजी रास्त आहे, म्हणून नेमके प्रश्न विचारा. बाहेरगावी संघासोबत महिला शिक्षिका किंवा व्यवस्थापक जाणार का? मुक्काम कुठे, खोलीत किती मुली, परतीची गाडी किती वाजता? फिजिओ किंवा प्रशिक्षक बंद खोलीत एकटा तपासणी करणार नाही, हे शाळेला आधीच सांगून ठेवा. काही खटकलं तर चाइल्डलाइन १०९८.

मुलींच्या कित्येक खेळांत नोंदी कमी असतात, त्यामुळे जिल्ह्यापर्यंतची वाट मुलांपेक्षा मोकळी. तरी बऱ्याच मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी खेळ सोडतात. पाळी, कपडे, घरी पोचायला होणारा उशीर, ही कारणं आहेत, आणि ती घरातच सुटण्यासारखी आहेत. गडद रंगाची ट्रॅकपँट, बॅगेत पॅड, व्यवस्थित बसणारी स्पोर्ट्स ब्रा, आणि सरावाहून आणायला ठरलेलं माणूस. दम लवकर लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. क्रिकेटपटू यस्तिका भाटिया याच शहरातून भारतीय संघात गेली.

नवरात्रात सराव बंद ठेवायचा का?

बडोद्यात हा प्रश्न विचारलाच जातो. गरबा बंद करा असं इथे कोणी सांगणार नाही आणि कोणी ऐकणारही नाही. पण जिल्ह्याचे सामने त्याच सुमाराला येतात. रोज रात्री तीन तास अनवाणी गोल फिरून सकाळी सहाला मैदानावर आलेल्या मुलाचे घोटे आणि पोटऱ्या थकलेल्याच असतात. सामना चार दिवसांवर असेल तर दोन रात्री निवडा, बाकी झोप.

मुलाचा व्हिडिओ करून पाठवावा का?

शाळाकीय निवडीत त्याचा फारसा उपयोग नाही. पाठवायचाच तर दोन मिनिटांत बसवा, गाणं लावू नका, संथ गती नको, आणि सलग चालू असलेल्या खेळाचा तुकडा घ्या. कापून जोडलेले सगळे यशस्वी फटके बघून प्रशिक्षकाला काही कळत नाही.

यादीत नाव आलं नाही. आता?

पहिल्या दिवशी काहीच करू नका. दोन दिवसांनी मुलाला सोबत घेऊन शिक्षकांना भेटा. ‘का घेतलं नाही?’ असं विचारलंत तर समोरचा बचावाला उभा राहतो. ‘पुढच्या जूनपर्यंत कोणत्या दोन गोष्टी सुधारायच्या?’ असं विचारा आणि उत्तर मुलाला लिहून घ्यायला लावा. राखीव खेळाडूंच्या यादीत आहे का तेही विचारा. दुखापत, परीक्षा, कागदपत्रं यांमुळे आयत्या वेळी नावं गळतात, आणि तेव्हा राखीव मुलाची फाईल तयार नसते म्हणून तिसऱ्याच मुलाची वर्णी लागते.

मोजमापात किंवा वयात उघड चूक झाली असेल तर तक्रार लेखी, मुदतीत आणि शाळेमार्फतच द्या. मैदानावर आवाज चढवलेला पालक समितीच्या चांगलाच लक्षात राहतो, आणि पुढच्या वर्षीही समितीत बहुधा तीच माणसं असतात.